मोबाईलने नाडी पाहिली, पुढचे काय?



या पानावर मी एरवी बोंडअळी, खतांच्या मात्रा आणि पीकविमा यांविषयी लिहितो. आजचा विषय माणसाच्या नाडीचा आहे. शेती खात्यातल्या माणसाने डॉक्टरकीत कशाला शिरावे, असे तुम्ही म्हणाल. कारण सांगतो, मग पटते का बघा.

यंदा ई-पीक पाहणीच्या दिवसांत एका गावी गेलो होतो. कॉलेजात शिकणारा एक मुलगा सकाळपासून बांधाबांधाने फिरून म्हाताऱ्या मंडळींच्या पिकांचे फोटो काढून नोंदी करून देत होता. दुपारी सगळे पारावर टेकलो. तेव्हा त्याने मोबाईलवरचे एक ॲप काढले आणि आजोबांचे बोट कॅमेऱ्यावर ठेवायला सांगितले. मिनिटभराने पडद्यावर सूचना आली, 'ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा.' आजोबा हसले. म्हणाले, "सत्तर पावसाळे बघितले मी, आता हे डबडं मला शिकवणार?" मग 'माझं बघ', 'माझं बघ' सुरू झाले. अर्ध्या तासात आठ जणांची बोटे लागली. त्यांत आणखी एकाला तीच सूचना आली. मग सगळे माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा. आता काय करायचं?"

मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. पण हसण्यावारीही नेता आले नाही, कारण माझ्या थोरल्या चुलत्यांची गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे होती.

आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. चार वर्षांपूर्वी पहाटे म्हशीची धार काढताना त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. बादली कलंडली, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. घरचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. दोन दिवस तेल लावणाऱ्याकडे गेले. तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मनगट धरले आणि ईसीजी काढायच्या आधीच विचारले, "यांची नाडी अशी कधीपासून आहे?" घरात आम्ही सात माणसे. एकालाही सांगता आले नाही, कारण आप्पांचे मनगट आजवर कुणी धरलेच नव्हते. आप्पा वाचले. पण उजवा हात गेला तो गेलाच. बैलजोडी त्याच वर्षी विकली.

म्हणून त्या पारावरच्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे मांडतो.

हा दोष आहे तरी काय?

पाणी उपसायचे जुने डिझेल इंजिन आठवा. नीट चालते तेव्हा ठोक्याला ठोका बसतो. 'मिस' मारायला लागले की घरात बसूनही कळते. हृदयाचेही तसेच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी एका लयीत आकुंचन पावायचे असते. म्हातारपणी, किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार असला तर काहींचे हे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. याला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. अशा माणसाची नाडी बेताल लागते. एक ठोका लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक हळू, कशाला कशाचा मेळ नाही.

थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून राहते. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या नळीत अडकली की पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. हा दोष असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. वाईट भाग असा, की पुष्कळांना काहीच जाणवत नाही. कुणाला धडधडते, कुणाला दम लागतो, पण बरेच जण शेवटपर्यंत औत धरून असतात. पहिली खूण म्हणून थेट लकवाच येतो.

यावर औषध आहे. रक्ताची गुठळी होऊ न देणारी वॉरफेरिन ही जुनी गोळी नीट घेतली तर पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांश कमी होतो. तेव्हा रोग लपून बसणारा, नुकसान कायमचे आणि उपाय हाताशी, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच 'आधी शोधा' ही कल्पना डॉक्टर लोकांनी उचलून धरली.

फोन नेमके काय करतो?

दोन प्रकार आहेत. पहिल्यात बोट कॅमेऱ्यावर ठेवायचे. फोनचा दिवा कातडीतून प्रकाश टाकतो. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येते-जाते, तसा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे की नाही, हे ॲप मोजते. दुसऱ्यात फोनला जोडणारी छोटी पट्टी असते. तिच्यावर दोन्ही हातांची बोटे ठेवली की अर्ध्या मिनिटात साधा ईसीजी आलेख निघतो. दुसरा प्रकार जास्त भरवशाचा, कारण तो आलेख डॉक्टर स्वतः वाचू शकतो.

पण बोट थंड असले, हात कापत असला तर पहिला प्रकार फसतो. कातडी फार कोरडी असली तर पट्टीवरचा आलेख नीट उमटत नाही. शेतकऱ्याचे हात कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय बाजारात जसे बोगस बियाणे असते, तशीच ॲपमध्येही खरी-खोटी भेसळ आहे. काही ॲप फक्त मिनिटाचे ठोके मोजतात, बेतालपणा त्यांना कळतच नाही. वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

आणंदच्या गावांतली पाहणी

हे सगळे परदेशातले खूळ आहे असे समजू नका. दुधासाठी आपण ज्या आणंदचे नाव घेतो, त्या गुजरातच्या आणंद जिल्ह्यात २०१५ साली ६ गावांत ही तपासणी झाली. करमसद येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील डॉक्टर यांनी मिळून हे काम केले. गावातल्याच आरोग्य सेविकांना शिकवून फोनवर तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या ३५४ जणांना यात घेतले होते. तपासणी एकदा करून थांबले नाहीत, पाच दिवस केली. कारण हा दोष कधी असतो, कधी नसतो. आज नाडी सरळ लागेल आणि परवा बेताल.

ज्यांची माहिती पुरी हाती आली, त्यांच्यात शंभरात सुमारे पाच जणांना दोष निघाला. पुढे याच जिल्ह्यात ५० गावांत दोन हजारांवर लोकांची अशीच तपासणी झाली. २०१९ साली तिचा निष्कर्ष छापला गेला, तेव्हा प्रमाण शंभरात १.६ निघाले.

पाच कुठे आणि १.६ कुठे! पीक कापणी प्रयोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. दोन-चार प्लॉट कापून काढलेले उत्पन्न आणि पन्नास प्लॉट कापून काढलेले उत्पन्न सारखे येत नाही. नमुना लहान असला की आकडा हेलकावे खातो, आणि माणसांचे वय व निवड यांनीही फरक पडतो. लहान आकडाच धरून चालू. तरीही दोनशे माणसांमागे तीन जण निघतात. लहान गावातही असे लोक असणार, हे धरून चाला.

या पाहणीतून मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. गावातल्या शिकवलेल्या बाईला हे काम जमते. त्यासाठी शहरातून तज्ज्ञ आणावा लागत नाही.

सापडणे वेगळे, वाचणे वेगळे

आता दुसरी बाजू. जर्मनीत एका विमा कंपनीच्या ५० ते ९० वयाच्या ५,५५१ ग्राहकांवर मोठी चाचणी झाली. २०२२ साली तिचा निकाल आला. अर्ध्यांना फोनचे ॲप दिले. पहिले चौदा दिवस रोज दोनदा आणि नंतर आठवड्यातून दोनदा, मिनिटभर बोट ठेवायचे. शंका आली की छातीला चिकटवायची ईसीजी पट्टी घरपोच, ती चौदा दिवस लावायची. सहा महिन्यांत ॲपच्या गटात गोळी सुरू करण्याजोगा दोष १.३३ टक्के लोकांत सापडला. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटात ०.६३ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. ॲप काम करते, यात शंका नाही.

पण त्याच चाचणीतला आणखी एक आकडा बघा. निमंत्रण ६७,४८८ जणांना गेले होते. चाचणीत आले ते ५,५५१. ज्याच्याकडे चांगला फोन, ज्याला तो वापरता येतो आणि ज्याला तब्येतीची फिकीर आहे, तो येतो. ज्याला खरी गरज आहे तो पुष्कळदा घरीच राहतो. आपल्याकडच्या शिबिरांचाही अनुभव हाच नाही का?

डेन्मार्कमधल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. तिथे फोन नव्हता, कातडीखाली बसवलेले छोटे यंत्र होते. ७० ते ९० वयाच्या सुमारे सहा हजार लोकांची चाचणी. यंत्र बसवलेल्यांत दोष सापडला ३१.८ टक्क्यांना, बाकीच्यांत १२.२ टक्क्यांना. पण पक्षाघात व तत्सम त्रास झाला ४.५ आणि ५.६ टक्क्यांना. फरक इतका थोडा, की तो यंत्रामुळेच पडला असे ठामपणे म्हणता आले नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना हातात धरायचे ईसीजी यंत्र चौदा दिवस दिले. बोलावलेल्यांपैकी निम्मेच आले. सुमारे सात वर्षांनी पाहिले तर पक्षाघात, मृत्यू, मोठा रक्तस्राव असे सगळे मिळून बोलावलेल्या गटात ३१.९ टक्के आणि न बोलावलेल्या गटात ३३ टक्के. फायदा आहे, पण अगदी थोडा.

म्हणूनच अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०२२ साली सांगितले, की त्रास नसलेल्या सगळ्यांचीच अशी तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी २०२० साली मधला मार्ग सांगितला. ६५ वर्षांपुढचा माणूस कुठल्याही कारणाने दवाखान्यात आला, की त्याची नाडी हाताने बघा किंवा ईसीजी काढा. मला हाच मार्ग आपल्या गावांना परवडणारा वाटतो.

एक पतंग आला म्हणून फवारणी नाही

कपाशीत कामगंध सापळे लावतो तेव्हा तुम्हाला काय सांगतो? सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून पंप पाठीला अडकवू नका. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग आले, तर गुलाबी बोंडअळीवर उपाय करायची वेळ आली असे समजा. सापळा माहिती देतो, औषध सांगत नाही. फोनचेही तेच.

एक हिशोब करून बघू. समजा, गावात साठीपुढचे २०० जण आहेत आणि खरा दोष चौघांना आहे. समजा, ॲप शंभरात ९५ वेळा बरोबर सांगते. ऐकायला हे फारच चांगले वाटते. पण बिनदोषाच्या १९६ जणांपैकी जवळपास दहा जणांना ते उगीचच 'दाखवा' म्हणणार. म्हणजे गावात चौदा सूचना, त्यांत खरे चार. दहा घरांत विनाकारण घोर. त्यातला एखादा मेडिकलच्या दुकानात जाऊन कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी सुरू करणार. हा धोका लहान नाही. उलट बाजूही आहे. दोष असलेल्याची नाडी नेमकी त्या मिनिटाला सरळ लागली, तर 'सगळं ठीक' म्हणून तो निर्धास्त होणार.

तेव्हा नियम सोपा आहे. फोनने सूचना दिली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. पुन्हा तेच आले, किंवा धडधड, दम, चक्कर असा त्रास असेल तर थांबायचेच नाही, दवाखान्यात पूर्ण ईसीजी काढून घ्यायचा. निदान ईसीजी वाचणारा डॉक्टर करतो, फोन नाही.

गोळी उंदराच्या औषधाच्या कुळातली

तुम्हाला ऐकून नवल वाटेल, पण वॉरफेरिनचा शोध गोठ्यातून लागला. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडाकडे बुरशी लागलेला एक द्विदल चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातला घटक विस्कॉन्सिन विद्यापीठात वेगळा काढला गेला. त्यावरून बनलेले वॉरफेरिन १९४८ साली आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. आपण शेतात उंदरांसाठी वापरतो ते ब्रोमॅडिओलोन याच कुळातले.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. मात्रा किती महत्त्वाची आहे ते कळावे म्हणून सांगतो. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने 'आयएनआर' नावाची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तशी करत राहावे लागते. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी हिच्याबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. विळा लागला, बैलाने ढकलले, डोक्याला मार बसला, तर 'मी रक्त पातळ करायची गोळी घेतो' हे डॉक्टरांना आधी सांगायचे.

नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. पण त्या सगळ्यांना चालत नाहीत. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसलेले पुष्कळ रुग्ण आहेत, आणि त्यांच्यात हा दोष तरुणपणीही दिसतो. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अशा रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. त्यात नव्या गोळीपेक्षा जुन्या पद्धतीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. त्यामुळे शेजाऱ्याला दिलेली गोळी आपण घ्यायची नाही. आणि 'रक्त पातळ करायला रोज एक ॲस्पिरिन घेतो' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, या दोषातल्या पक्षाघाताला ॲस्पिरिन पुरत नाही.

आता घराने आणि गावाने करायचे ते

पहिली गोष्ट फुकट आहे. घरातल्या साठीपुढच्या माणसाचे मनगट धरा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, आपली मधली दोन-तीन बोटे ठेवा. आपला अंगठा वापरू नका, त्यात आपलीच नाडी लागते. माणसाला पाच मिनिटे शांत बसवून पूर्ण एक मिनिट मोजा. साठ ते शंभर ठोके आणि एकसारखा ताल असेल तर ठीक. मधूनच एखादा ठोका चुकला तर ते पुष्कळदा निरुपद्रवी असते. पण तालच सापडत नसेल, तर ईसीजी काढा. महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा किंवा बाजाराच्या दिवशी, हे करायची सवय लावा. फोन असेल तर त्याचा आधार घ्या, नसेल तर अडत नाही.

दुसरी गोष्ट सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांसाठी. कुणी संस्था फोनने हृदय तपासायचे शिबिर घेऊन आली तर हार-तुरे आणण्याआधी तीन प्रश्न विचारा. सूचना आलेल्यांचा ईसीजी कुठे आणि कोण काढणार? दोष निघाला तर औषध आणि रक्ततपासणी कुठे मिळणार? आणि महिन्याने या लोकांची चौकशी कोण करणार? या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते शिबिर फोटोपुरते आहे असे समजा. तिसरी गोष्ट, येत्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक वृद्धाची नाडीही मिनिटभर बघितली जावी, एवढीच मागणी करा. तिला पैसा लागत नाही. आपल्या केंद्रात ईसीजी यंत्र चालू आहे का आणि तो आलेख वाचणारे कोण आहे, हेही त्याच सभेत विचारा आणि कार्यवृत्तात लिहून घ्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, तर तेल नको, अंगारा नको. १०८ला फोन. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. आम्ही आप्पांचे दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. ते हसणारे आजोबा नातवाबरोबर तालुक्याला जाऊन ईसीजी काढून आले होते. मधूनच चुकणारे ठोके, काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सूचना आलेले दुसरे गृहस्थ अजून गेलेले नाहीत. म्हणाले, "कापूस वेचून होऊ द्या, मग बघू." मजूर मिळत नाहीत, हे मलाही दिसते. मी त्यांच्या मुलाशी बोललो. तालुक्याला जाऊन यायला अर्धा दिवस लागतो. त्याने सोमवारी नेतो म्हणून सांगितले आहे. सोमवारी संध्याकाळी मी त्याला फोन करणार आहे.

पुढच्या वेळी हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी.